शेपटी वर, कान ताठ

…तांबडा शिक्का चौकटीत नीट बसलेला नाही. त्याचा खालचा कोपरा निसटून 'वडील' या शब्दावर चढलाय, आणि माक-रे त्या कोपऱ्यावरून अंगठा घासते आहे. घासते, अंगठा बघते. अंगठा कोरडा. खऱ्या शिक्क्याची शाई चार दिवस तरी बोटाला लागते. हा छापलेला आहे.

सव्वाअकरा. तीनला तपासणीवाले सभागृहासमोर येणार. सहा महिने झालेलं कुत्र्याचं प्रत्येक पिल्लू त्यांना दाखवायचं, अस्सल जातीचं आहे का ते ठरवायला. पास झालं की मानेच्या कातडीखाली चिप, वहीत नाव. नापास झालं की पिल्लू बेटावर राहत नाही, पूल ओलांडून जातं. कुठे, ते कोणी विचारत नाही.

तोरी, तिचं पिल्लू, ओट्याखाली आडवी आहे. उजवा कान ताठ. डावा…

डाव्याकडे बघायचं नाही असं सकाळपासून ठरवलंय.

हा कागद पुतण्याने आणवला, दक-सूने, ग्वांगजू शहरातून. कुत्र्यांची वंशावळ देणाऱ्या कुठल्याशा संघाचा. तोरीचा एक फोटो पाठवला, पाच दिवसांत तीन पिढ्या छापून आल्या. "हा दाखव त्यांना, काकू. वंश सिद्ध झाला की कान कोण बघतंय?" त्याने फोनवर विचारलं होतं, बापाचं नाव काय.

"पांढऱ्या."

"रंग नाही गं, नाव."

"अरे, नावच! पांढऱ्या कुत्र्याला दुसरं काय म्हणणार? आई पिवळी. तिचा बापही पांढऱ्या."

गावात अकरा पांढऱ्या आहेत. संघाने त्यांच्या वहीतला कुठला तरी बारावा काढला आणि तोरीच्या डोक्यावर बसवला.

*आजोबा: पांढऱ्या. सोलच्या प्रदर्शनात प्रथम.*

खरा आजोबा तिच्या नवऱ्याचा कुत्रा होता. एका डोळ्याने आंधळा. पूल कधी ओलांडला नाही. मेला तेव्हा तिनेच पर्सिमनच्या झाडाखाली खड्डा खणला होता.

"वाच, वाच पुन्हा," फिल-सुन म्हणाली. कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधता बांधता ती शेजारून आली होती आणि आता हसू तिला आवरत नव्हतं. "सोलला प्रथम! इन-सुगच्या आई, माझ्या म्हाताऱ्याचा फोटो पाठव की. त्याचा आजोबा राजा निघेल."

"हसू नको," माक-रे म्हणाली.

"मग काय रडू? कुत्रं न बघता दिलेला कागद तो. तुलाही कळतंय."

"कळतंय."

"मग फेक चुलीत."

माक-रेने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि कमरेला बांधलेल्या कापडाच्या खिशात ठेवली. फिल-सुनने ते बघितलं. पुढची जुडी बांधायला घेतली.

कळतंय ना मला. ज्यांनी हात लावला नाही, दात बघितले नाहीत, त्यांनी लिहून दिलेलं खोटं आहे. मग ज्यांनी हात लावला ते? ते तरी…

एकोणीस वर्षांपूर्वी. हेच सभागृह, हेच अंगण, वारा समुद्रावरून. तेव्हाच्या पिल्लाचे दोन्ही कान ताठ होते, छाती रुंद, सगळं होतं. दोरी तिच्या हातात होती कारण नवऱ्याचा हात थरथरत होता, आणि तिचा थरथरत नाही असं त्याला वाटत होतं. पिल्लाने एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि शेपटी पायांत घातली. तपासणाऱ्याने वाट बघितली. चांगला माणूस होता, जिभेने चुचकारलं, पुन्हा वाट बघितली. मग लिहिलं: शेपटी खाली. खोटं काहीच लिहिलं नाही त्याने. घरी येताना वेशीपाशी शेपटी वर झाली, गोल, पाठीवर वळलेली. पण वहीत लिहिलेली खाली ती खालीच. आठवड्याने त्याला न्यायला टेम्पो आला. नवरा म्हणाला, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिनेही मान हलवली होती.

एका कागदाने कुत्रा बघितलाच नाही. दुसऱ्याने बघितला, पण माझी भीती कुत्र्याच्या नावावर लिहिली. यातला कुठला खरा धरायचा?

तीनला दहा कमी. सभागृहासमोर सात पिल्लं, सात दोऱ्या. माक-रे चौथी. ती दोरी चिमटीत धरून बघते, मग मुठीत, मग पुन्हा चिमटीत, म्हणजे हातातलं काही दोरीतून खाली जाणार नाही. श्वास मोजते. तोरी वर बघते आहे. कशाला बघतेस? पुढे बघ. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, बाई.

मोजपट्टीवाला तरुण आहे, अदबीचा. "आजी, आईबापाचे काही कागद असतील तर आत्ताच काढून ठेवा हं, म्हणजे घाई होणार नाही."

"अं?"

"कागद. वंशाचे."

हात खिशापर्यंत गेला. तिथेच राहिला. मागून कोणीतरी म्हणालं, आजोबा सोलला पहिला आला म्हणे, आणि दोघंतिघं हसली. फिल-सुनने सांगितलं असणार. हसू दे.

तिसरं पिल्लू पास झालं. टाळ्या.

ती तोरीकडे बघते — डावा कान: वाकलेला. पाय: सरळ. रंग: एकसारखा. शेपटी: अजून वर. मग तिच्या लक्षात येतं की कागद आल्यापासून ती तोरीकडे अशीच बघते आहे, ओळीने, रकान्यांत. भात घालताना कान. झोपलेली असताना कान. तोरी हसल्यासारखं तोंड करते ते शेवटचं कधी बघितलं? करते ना ती तसं? की तो आधीचा कुत्रा होता…

आणि तेव्हा, शेजारणीकडे मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात, तिच्या आत कोणीतरी म्हणालं: होऊ दे नापास. सुटू एकदा.

तिने मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं असावं म्हणून. मागे पाचव्या पिल्लाचा मालक, त्याच्या तोंडात सिगारेट. तो काही बोलला नव्हता.

"पुढचं पिल्लू. या, आजी."

आता तिला मोजपट्टीची भीती वाटत नव्हती, कानाची नाही, पुलाचीसुद्धा नाही. त्या भीतीत निदान ती तोरीच्या बाजूने उभी होती. हा आतला आवाज तोरीच्या बाजूचा नव्हता. तोरी विश्वासाने दोन पावलं पुढे गेली, दोरी ताणली गेली. आणि त्या दोरीतून आपलं नेमकं काय तिच्यापर्यंत पोचतंय, हे माक-रेला ओळखता येईना.