तिसरा सेन्सर

त्या रविवारपर्यंत अख्ख्या शिरूरमध्ये माझ्याएवढी हुशार मुलगी नाही, असं माझं पक्कं मत होतं. अकरावीत आहे आणि लॅपटॉपचा ड्रायव्हर स्वतः दुरुस्त केलाय, म्हणजे काय!

ड्रायव्हर हा यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. आमचा उगाच बोंबलायचा. स्क्रीनवर लाल पट्टी: ‘सेन्सर ३, तापमान धोक्याचं.’ मी खालचं झाकण उघडून पाहिलं, तर सेन्सर दोनच! मागच्या महिन्यात मी तापाने फणफणले होते, तेव्हा तर पट्टी दिवसभर हटली नाही. शेवटी मी कोडमध्ये अट घातली: तिसऱ्याचा आकडा आधीसारखा नुसता नोंदवायचा, बोंबलायचं नाही.

दौंडला गिदोनमामाकडे असाच लॅपटॉप आहे. त्यावरही हेच चढवलं आणि तिथल्या नोंदी मला दिसतील असं केलं.

“स्वीटे, पट्टी गेली गं! आता आबा निवांत गाणी ऐकत्यात,” मामा म्हणाला. आबा म्हणजे त्याचे वडील, माझे आजोबा. मी हवेत!

रविवारी दुपारी जेवून नोंदी चाळत बसले. आधी माझ्या. तापाच्या दिवशी ३९.२. आईने थर्मामीटरवर १०२.६ वाचलं होतं. मी फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं. तंतोतंत ३९.२. आणि मी लॅपटॉपसमोरून जेवायला उठले होते, तेवढा वेळ शून्य.

म्हणजे तिसरा सेन्सर लॅपटॉपचा नव्हता, समोर बसलेल्याच्या अंगाचा होता!

दौंडच्या नोंदी उघडल्या. दर मिनिटाला एक आकडा, दोन तासांपासून उतरत आलेला. ३६.१. ३५.४. ३४.७.

मामाला फोन लावून विचारलं, “बरा आहेस ना?”

“मी ठणठणीत हाय की! लग्नाला आलोय वरवंडला. का गं?”

“लॅपटॉपसमोर कोण आहे?”

“आबा. खुर्चीत डुलकी लागली आसंल.”

३४.६.

“मामा, शेजारच्या पार्वतीबाईंना घरात पाठव. आत्ताच्या आत्ता!”

“आगं, तो सेन्सर खोटा हाय, तूच म्हणाली व्हतीस ना?”

“मामा, पाठव ना!”

त्याने लग्नातल्या एका पाहुण्याच्या फोनवरून, स्पीकरवर टाकून, पार्वतीबाईंना फोन केला. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. कडी वाजली. लॅपटॉपवरची गाणी आली. मग हाका, “आबा? ओ आबा?”

३४.५.

आणि एकदम ३६.९!

“मामा, आकडा वाढला! आबा बरे आहेत!” मी किंचाळले.

मामाने दुसऱ्या फोनचा स्पीकर बंद करून पार्वतीबाईंना काहीतरी विचारलं.

“स्वीटे,” तो हळूच म्हणाला, “पार्वतीबाई लॅपटॉपच्या म्होरं उभ्या हायेत.”