बावीस नंबर रिकामी कशी?

तात्या वयाने काही म्हातारा नव्हे, चांगला अडतीस वर्षांचा गडी. पण कुरकुर सत्तरीतल्या माणसाची, म्हणून बसकंपनीत सगळे त्याला तात्याच म्हणत. गॅरेजच्या वरच्या मजल्यावर बसून तो तिकिटयंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचा. खाली कुणी इंजिन सुरू केलं की टेबलावरचा चहाचा कप थरथरत कीबोर्डापर्यंत यायचा.

त्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. कंपनीची आकडेवारी बघणारी आकडेताई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तात्या ज्यात प्रोग्रॅम लिहायचा, त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तीत काय नव्हतं हो! तक्ते चाळायची सोय, आलेख काढायची सोय, आणि एक वही. वहीत चार ओळी लिहायच्या, चालवायच्या, की खालीच उत्तर हजर. आकडेताईची सगळी हत्यारं आयती तात्याच्या स्क्रीनवर येऊन बसली.

मॅनेजरबाईंना एवढंच कळलं. "तात्या, आता सगळं तुझ्याकडेच आहे म्हणे. दुपारची सगळ्यात रिकामी फेरी कुठली ते काढ. एक बंद करायचीय. शुक्रवारी नोटीस लावू."

आता कात्री हातात आली म्हणून कुणी शिंपी होतं का? पण तात्याला हे सांगणार कोण! स्वारी खुशीत. हा तक्ता काप, तो आलेख रंगव, ही ओळ लिही, ती पूस, असं चार दिवस चाललं. सोमवारी आलेख तयार झाला. त्यात सगळ्यात बुटका खांब बावीस नंबरचा. फेरीला सरासरी सहा माणसं.

आणि दुपारची बावीस नंबर चालवायचे तात्याचे सासरे.

 सासऱ्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. फेरी बंद झाली की त्यांचं नाव राखीव ड्रायव्हरांत जाणार, म्हणजे रोज गॅरेजच्या बाकावर बसून कुणी आजारी पडायची वाट बघायची. पण घरचा माणूस म्हणून लपवलं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याने मान ताठ ठेवून आकडा मॅनेजरबाईंना दिला. संध्याकाळी सासरे घरी आले तेव्हा त्यांनाही सांगितला.

"सहा?" सासरे म्हणाले.  "कॉम्प्युटर म्हणतो, म्हणजे असतील."

बायको मात्र भडकली. "अति शहाणा, त्याची बस रिकामी! कधी बसलायस का त्या बसमध्ये?"

"आकडा खोटं बोलत नाही," तात्या म्हणाला. पुढचे दोन दिवस घरात त्याच्याशी कुणी धड बोललं नाही.

गुरुवारी दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. तो गुपचूप बावीस नंबरमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसला. तिसऱ्या स्टॉपलाच बस भरली. दवाखान्याचे कागद सांभाळणारे आजी-आजोबा, शाळा सुटलेली पोरं. एका पोराचं दप्तर तर तात्याच्या बरगडीतच रुतलं. जो तो यंत्राला पास लावत होता आणि आत घुसत होता. तात्याने मोजली, एक्केचाळीस माणसं.

ऑफिसात येऊन त्याने वहीतली ओळ न् ओळ तीनदा वाचली. एक चूक सापडेल तर शपथ! शेवटी निमूटपणे आकडेताईला फोन लावला. पलीकडे बाळ टाहो फोडत होतं.

तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पासवाले कुठे गेले रे तुझे?"

"पासवाले? पहिल्या दिवशी नुसती तिकिटं बघायची म्हणून मी त्यांना वगळलं होतं. पण ती ओळ नंतर पुसली की मी!"

"चालवलीस आणि मग पुसलीस ना? वही उघडी आहे तोवर आधीचं केलेलं विसरत नाही; पासवाले गेले ते गेलेच. ओळ पुसली म्हणून उतरलेली माणसं परत चढतात होय? शहाण्या, सगळं बंद कर आणि वही पहिल्या ओळीपासून चालव. मी हे रोज सकाळी करते, चहाच्याही आधी."

तात्याने केलं. बावीस नंबरचा खांब वर सरकला तो सगळ्यांच्या डोक्यावर गेला. सरासरी अडतीस. सगळ्यात रिकामी निघाली नऊ नंबर.

मॅनेजरबाईंची नोटीस सही होऊन तयार होती. "सोमवारी सहा आणि आज अडतीस?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "सासुरवाडीला काही बोलणं झालेलं दिसतंय."

शेजारचे दोघे कारकून फिसकन हसले. तात्याचे कान तापले. नव्या सॉफ्टवेअरच्या माथी मारलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती, आणि एक क्षण तसा मोहही त्याला झाला.

"सॉफ्टवेअर ठीक आहे, मॅडम. चूक माझी आहे," तो म्हणाला. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून त्याने सगळं बंद केलं. "आता पहिल्या ओळीपासून तुम्हीच चालवा. पटलं नाही तर बसमध्ये बसून मोजा. मी मोजलीत."

त्यांनी बटण दाबलं. खांब पुन्हा तसेच उभे राहिले. मॅडमनी नोटीस फाडली. "नऊ नंबर मोजायला उद्या मी स्वतः जाते," त्या म्हणाल्या.

तात्या जिना उतरून धावतच गॅरेजमध्ये गेला. सासरे बसची काच पुसत होते.

"मामा, माझं चुकलं. तुमची बस भरलेली असते. फेरी बंद होत नाही."

सासरे मटकन पायरीवर बसले. मग खो खो हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"जावईबापू, तीन दिवस मी आरशात माणसं मोजतोय. दर फेरीला चाळीसच भरतात. म्हटलं कॉम्प्युटर कसा चुकेल? आपलेच डोळे गेले." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "काल कुणाला न सांगता डोळे तपासून आलो."

 तात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग? काय म्हणाले डॉक्टर?"

"ठणठणीत आहेत म्हणाले," सासरे म्हणाले. "तरी मला खरं वाटेना."