तुघलकाबादच्या तटावर

विलास कर्णिक वाढला दिल्लीच्या पहाडगंजात. परदेशी वॉशिंग मशीनच्या कंपनीत मॅनेजर झाल्यावर करोल बागेतली भाड्याची जागा सोडून तो गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला गेला. ऑफिसात त्यानं सांगून ठेवलं होतं, की आम्ही मराठी माणसं, गडकिल्ले चढतच मोठे होतो. प्रत्यक्षात त्यानं एकही गड चढलेला नव्हता. चढली होती त्याची बायको अरुणा. तिचं माहेर साताऱ्याचं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी.

जानेवारीत ऑफिसची सहल बायकामुलांसह तुघलकाबादच्या किल्ल्यावर निघाली, तेव्हा त्याचे बॉस मल्होत्रासाहेब यांनी विलासलाच पुढे घातलं. किल्ला खडकाळ टेकडीवर, भोवती किकरची काटेरी झुडपं, तट जागोजागी ढासळलेला. मंडळी खाली उन्हात सतरंज्या पसरून बसली आणि विलास सगळ्यांच्या देखत एका पडक्या बुरुजाकडे चढू लागला. वळणापलीकडे गेल्यावर त्याच्या पायाखालचा दगड सुटला आणि गडगडत खाली गेला. त्यानं वाकून खोल खाली पाहिलं. पालथा पडून तो तटाला चिकटून राहिला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हाक मारायचीही लाज वाटत होती.

बराच वेळ तो दिसेना म्हणून अरुणा पदर खोचून वर आली. ती त्याच्या खालच्या बाजूला उभी राहिली आणि त्याचा एकेक पाय हातानं धरून पक्क्या दगडावर ठेवत तिनं त्याला उतरवलं. तिच्या साडीची निरी फाटली, तळहातात काटे रुतले.

खाली सगळे काळजीनं उठून उभे राहिले. काय झालं, असं साहेबांनी विचारताच विलास बोलून गेला, की अरुणाला वर चक्कर आली, तिला धरून आणावं लागलं.

मल्होत्राबाईंनी तिला बसवून साखरेचं पाणी दिलं. "पहाड़ की आदत नहीं होगी बेचारी को."

अरुणानं विलासकडे पाहिलं. त्यानं मान वळवली.

"हां जी, आदत नहीं है," ती म्हणाली.

घरी ती दिव्याखाली सुईनं काटे काढत बसली. माझं चुकलं, असं तो कसंबसं म्हणाला.

"तुम्ही घाबरलात त्याचं मला काही वाटलं नाही," अरुणा म्हणाली. "पण त्या बायका मला आजाऱ्यासारखं धरून बसवत होत्या, आणि तुम्ही समोर पुऱ्या खात होतात."

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्यानं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. मल्होत्रासाहेब हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पति हो तो ऐसा, यार. बीवी की इज़्ज़त के लिए अपनी उतार दी." विलासनं पुन्हा सांगून पाहिलं. तो जितकं पटवू लागला, तितकी मंडळी कौतुकानं पाहू लागली. डबा न संपवताच तो उठला.

संध्याकाळी अरुणा मेथी निवडत होती. कोणी विश्वास ठेवला नाही, असं त्यानं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मल्होत्राबाईंचा फोन येऊन गेला. माझी तब्येत विचारत होत्या. तुम्ही किती मोठ्या मनाचे आहात, तेही ऐकलं."

विलासनं विचारलं, "मी त्यांना फोन करू?"

"करा."

त्यानं नंबर फिरवला. अरुणा मेथी तशीच ठेवून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. पलीकडून मल्होत्राबाई बोलल्या, आणि विलासनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.