वन्संचं रान

"ऊठ आत्या, मोजणीवाले आलेत!" माझा लेक बांधावरून ओरडत होता. वन्सं रानाच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या.

"मग मोजा की. मी काय दोरी धरून ठेवलीय?"

"रान आमच्या नावावर आहे. विकू, नाहीतर ठेवू!"

"तुझा बाप असता तर पाठीत ढेकूळ घातलं असतं त्यानं."

मी मधे उभी. एकीकडे नणंद, दुसरीकडे पोटचा पोर.

वन्संचा नवरा हाताला लागेल ते विकून पत्ते कुटायचा. म्हणून मामंजींनी लेकीला द्यायचं रान आमच्या ह्यांच्या नावावर केलं. चुलीपुढे बसून म्हणाले, "नाव तुझं, रान तिचं. तू फक्त सांभाळ." ह्यांनी मान हलवली. तेवढीच लिखापढी. मामंजी गेले, मागून हेही गेले. ते बोलणं ऐकलेली मी एकटी उरले.

वन्संनी दावा लावला आणि साक्षीला मला उभं केलं. लेकाचा वकील गोड बोलणारा होता.

"आजी, नांगर कोणाचा? बी कोणाचं?"

"आमचंच."

"शेतसारा?"

"हेच भरायचे."

"मग मालक तेच झाले ना?"

"साहेब, आमच्या रानात काय पेरायचं ते ह्यांनी मला कधी विचारलं नाही. मी तोंड घातलं तर म्हणायचे, तू चूल बघ. पण त्या रानासाठी दर पेरणीला बहिणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. एका साली वन्सं म्हणाल्या, यंदा पडीक राहू दे दादा, माती दमलीय. शेजारची रानं हिरवीगार झाली आणि हे बांधावर बसून नुसते बघत राहिले. मालक असा बसतो का?"

वकील कागद चाळायला लागला. लेकानं मान फिरवली ती फिरवलीच.

रान वन्संचं ठरलं. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, माझ्याकडेच राहायला चला. तो तुम्हाला नीट वागवायचा नाही."

"कशाला वागवेल? त्याच्या तोंडचा घास काढला मी. पण घर माझं तेच आहे, वन्सं."

दिवस कलता घरी पोचले. सुनेनं दार उघडलं आणि पाठ फिरवून आत गेली. लेक भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी हातपाय धुतले, चूल पेटवली.

"कोण कोण जेवणार?"

गुडघे धरून उठले, सगळ्यांचं पीठ काढलं.

जेवायला मात्र सगळे आले.