नाही म्हणणारा माणूस पाहिजे

ताईचं काम जोड्या लावण्याचं होतं. लग्नाच्या नव्हे, ती जोखीम तिने स्वतःच्या बाबतीतही टाळली होती. काही सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळी असतात: आतला कोड उघडा, वापरायला फुकट, आणि हौस असेल त्याने दुरुस्त करावीत. अशा हौशी लोकांना काय येतं ते विचारायचं आणि त्यांना एखाद्या प्रकल्पाच्या गळ्यात बांधायचं, हा तिच्या संस्थेचा उद्योग. ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खाली ट्यूब फुटली की वर सगळे दचकायचे. सगळे म्हणजे ताई एकटीच.

तिची एकच जोडी जमत नव्हती. ‘बोलका’ नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचं, ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी. ते सांभाळणारा माणूस एकटा होता आणि इंटरनेटवर त्याने स्वतःचं नाव घुबड ठेवलं होतं. ताईने त्याच्याकडे एकाहून एक हुशार प्रोग्रामर पाठवले. एकाने बोलक्याला हसायला शिकवलं आणि काम अर्धवट टाकून तो निघून गेला. तेव्हापासून बोलका बँकेतली शिल्लक वाचताना हसायचा. दुसऱ्याने त्याला कुजबुजायला शिकवलं, तेही नेमकं औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचताना.

शेवटी घुबडाने लिहिलं, “ताई, हात जोडतो, आता प्रोग्रामर पाठवू नका. लोक रोज नव्या मागण्या टाकतात. मी हो म्हणतो. मग काम होत नाही म्हणून तेच लोक मला शिव्या घालतात. मला नाही म्हणताच येत नाही. या महिन्याच्या शेवटी बोलका बंद करतोय.”

ताईचं धाबं दणाणलं. बोलका तिच्या घरातही होता. आईची नजर गेल्यापासून तिचा सकाळचा पेपर बोलकाच वाचायचा, आणि कोड कितीही उघडा असला तरी घुबडानंतर तो सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, “ह्यांना कुठेतरी कामाला लाव गं. खिडकी उघडू का म्हटलं तरी नाही, लावू का म्हटलं तरी नाही.”

“विचारतेस कशाला मग?” बाबा म्हणाले.

बाबा परवाने देणाऱ्या कचेरीच्या खिडकीवरून निवृत्त झाले होते. त्या खिडकीवर पहिल्या खेपेत काम झालेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. ताईचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं ती जगभर माणसं धुंडाळत होती आणि हा हिरा तिच्याच घरात बसून भाजीत मीठ कमी आहे म्हणत होता.

संस्थेच्या फॉर्मवर ‘कौशल्य’ या रकान्यात लोक संगणकाच्या भाषांची नावं लिहीत. ताईने लिहिलं: नकार देणे. अनुभव: संपूर्ण नोकरी.

“जमणार नाही,” बाबा म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही.”

“बरं. नुसतं ऐका तरी.” तिने एक मागणी वाचली. “‘बोलताना मागे संगीत हवं. तातडीचं.’”

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “तातडी कोणाची? कारण कुठे आहे? अर्ज असा करतात? आण इकडे.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा चष्मा लावून संगणकासमोरच्या खुर्चीत. घुबडाला त्यांनी पहिला नियम घालून दिला: लहानमोठा कुठलाही बदल खिडकीतूनच, म्हणजे माझ्याकडे अर्ज करूनच येईल, तुमचा असला तरी. मग उत्तरं सुटली. ‘कारण स्पष्ट करा.’ ‘हीच मागणी पूर्वी आली आहे, तिच्या मागे रांगेत उभे राहा.’ ‘शिवी अर्जाचा भाग नाही, काढून पुन्हा सादर करा.’ दुपारी ते ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लावायचे. कोणत्या देशाच्या दुपारी, असं एकाने विचारलं. त्याला बाबांनी जेवण झाल्यावर उत्तर दिलं.

निम्म्या मागण्या तिथेच गारद झाल्या. काही लोक रागाने स्वतःच दुरुस्ती करून घेऊन आले. तीही बाबांनी एकदा परत पाठवली, सवयीने. बोलक्याचं हसणं थांबलं.

एक मागणी घरातूनच आली. आईने बोलून टाकली होती: ‘आवाज बदला. सासूबाईंसारखा आहे, सकाळी सकाळी टोचतो.’ बाबांनी आपल्या आईचं नाव निघालं म्हणून तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘टोचतो म्हणजे काय? नमुना जोडा.’ त्या रात्री पोळी मागितल्यावर त्यांना कारण स्पष्ट करायला लागलं.

आणि मग महिना संपता संपता घुबडाचा अर्ज आला. नियमाप्रमाणे, खिडकीतून. ‘प्रकल्प बंद करावा. कारण: फार थकलो आहे. पुरावा: गेल्या वर्षभरातली माझी उत्तरं सोबत.’

ताईने तो बाबांच्या खांद्यावरून वाचला. कारण होतं. पुरावा होता. खाली नाव होतं. खिडकीवर आलेला हा पहिलाच परिपूर्ण अर्ज होता.

“बाबा, आता?”

बाबांनी अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर. आतल्या खोलीत बोलका आईला पेपरातल्या चोरीची बातमी सांगत होता आणि आई त्याला “हळू वाच रे मेल्या” म्हणून दटावत होती. बाबांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं:

‘अर्जदाराने रजा घेतल्याचा दाखला जोडलेला नाही. आधी रजा घ्यावी. तोवर खिडकी आम्ही सांभाळतो. अर्ज अपूर्ण, सबब परत.’

“असा नियम आहे?” ताईने विचारलं.

“नाही.” त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “तिची नजर गेली तेव्हा मी पेपर वाचून दाखवायचो. छान वाचता म्हणायची. मी नसलो की मात्र पेपर तसाच पडून असायचा. माझ्यावाचून तिचं अडावं हे मला सोसत नाही. तिला सांगू नकोस.”

ताईला त्या क्षणी बाबा फार आवडले. ते तिने सांगितलंही. त्यांनी ते अमान्य केलं.

घुबडाचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘रजा घेता येते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.’ मग तो गायब झाला. ताईने जगभर शोधून नाही म्हणणारी आणखी माणसं जमवली आणि बाबांच्या हाताखाली दिली. बाबांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना पहिल्या खेपेला परत पाठवलं.

पुष्कळ दिवसांनी खिडकीत एक फोटो आला. समुद्राच्या पाण्यात दोन पांढरेफटक पाय. खाली लिहिलं होतं: ‘दाखला जोडला आहे. मात्र बोलका बंद करण्याचा अर्ज मागे घेत आहे. घुबड.’

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने आईला हाक मारली, आई भिंत धरत आली, आणि दोघी बाबांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, बोट उचललं आणि उत्तर लिहिलं:

‘मागे घेण्याचं कारण स्पष्ट करा.’