विमलाताईंचं टोकन

तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या ऑफिसात श्यामरावकाकांचा एकच नियम: घरच्या माणसांत कुलूप नको. आम्ही व्यापाऱ्यांची टेंडरं ऑनलाइन भरून द्यायचो. मागच्या खोलीत एक मोठा सर्व्हर, त्याच्या पोटात चार आभासी संगणक, म्हणजे आमच्या चार टेबलांवरचे पडदे त्याच्यावरच चालायचे, आणि त्याला व्यापाऱ्यांच्या डिजिटल सहीची टोकनं पेनड्राइव्हसारखी खोचलेली. कुठल्याही संगणकावर बसा, सगळ्यांची टोकनं दिसायची. सगळ्या टोकनांचा पासवर्डही एकच, काकांनीच ठेवलेला. लग्नघरात कुणीही कुणाचीही चप्पल घालून जावं, असा कारभार. मी कौमुदी, हे सगळं सांभाळायला ठेवलेली, आणि माझं डोकं रोज तापायचं.

सोमवारी काकांच्या पुतण्यानं, विशालनं, आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाईक विमलाताईंच्या टेंडरवर चुकून दुसऱ्या व्यापाऱ्याची, नानांची, सही मारली. पोर्टलनं ते परत केलं म्हणून निभावलं. पण पंडरी बाजारातले आपले कट्टर प्रतिस्पर्धी नानाही इथूनच टेंडर भरतात, हे विमलाताईंना त्यातून कळलं.

"उद्या येऊन माहं टोकन घेऊन जाते," त्या फोनवर म्हणाल्या.

त्या गेल्या असत्या तर ऑफिसचं निम्मं काम गेलं असतं, आणि सगळ्यांत नवी म्हणून पाठोपाठ मी.

"काका, आता तरी मले कुलूप लावू द्या," मी म्हटलं.

"हव, लाव तुले जे लावायचं ते," काका वैतागले.

मी लावलं. विमलाताईंचं टोकन आता फक्त त्यांच्या कामाच्या संगणकाला दिसणार होतं, आणि तो संगणक माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी विमलाताई आल्या, त्या बसायलाही तयार नव्हत्या. "नानाचं काम करणारे माह्या सहीले हात नाही लावणार, कशावरून?"

"मी आहो ना ताई. तुमचं टोकन कसं जपून ठेवलं, आत्ता दाखवतो," म्हणत काका आपल्या संगणकासमोर बसले.

पडद्यावर टोकन नव्हतं. काकांनी माऊस हलवला, चष्मा पुसला, विशालला उठवून त्याच्या जागी बसले. तिथंही नव्हतं.

"कौमुदी, काहून दिसून नाही राहिलं? मी मालक आहो ना?"

"तुमाले पण नाही दिसणार, काका."

काकांचा चेहरा असा पडला, की मला भीतीही वाटली आणि हसूही आवरेना. विमलाताईंनी मात्र खुर्ची ओढून घेतली.

"मालकालेच नाही दिसत, तर नानाले काय दिसन? राहू द्या इथंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोट्टी, पासवर्ड कसा बदलायचा ते सांग मले. अन् श्यामराव, तुम्ही जरा तिकडं तोंड करा."

काकांनी निमूटपणे भिंतीकडे तोंड केलं.