ऑइलवरून

साडू हे नातं मोठं गमतीचं. ना रक्ताचं, ना पसंतीचं. दोन बहिणींशी लग्न केलं, एवढीच काय ती दोघांची कामगिरी. तरी चष्मेवाल्याचं आणि त्याच्या थोरल्या साडूचं असं जमायचं की बायका म्हणायच्या, आमची लग्नं नुसती निमित्ताला झाली, खरं सूत यांचं जुळलंय. थोरला बुलडोझर चालवायचा. खाणीत, धरणाच्या कामावर, जिथे रस्ता नसेल तिथे. धाकटा पांढरा कोट घालून दुकानात बसायचा, लोकांचे डोळे तपासायचा आणि चष्मे करून द्यायचा. एकाच्या नखांत ग्रीस, दुसऱ्याच्या खिशात काचा पुसायचं मऊ फडकं. पण रविवार उजाडला की दोघं एका जागी बसायचे, कारण दोघांत मिळून एक जीप होती.

जुनी गाडी. पेट्रोलवरची, चारही चाकांनी ओढणारी. डांबरी रस्त्यावर तिची कुणी किंमत केली नसती, पण कोरड्या नदीच्या पात्रात आणि मुरमाच्या चढावर तिचा रुबाब बघावा. चालवायचा थोरलाच. चष्मेवाल्याला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. तो शेजारी बसून दांडी घट्ट धरायचा आणि ओरडायचा, "डावीकडे दगड! अहो, डावीकडे!"

"दिसतोय रे मला," थोरला म्हणायचा आणि मुद्दाम दगडाला चाटून गाडी काढायचा.

या दोघांत वाद एकच, पण तो बारा महिने चालायचा. चष्मेवाल्याचं म्हणणं, गाडी अशा आडवाटेनं हाणायची तर तिला पेट्रोल प्रीमियम पाहिजे आणि ऑइल सिंथेटिक. तो डब्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचायचा आणि वाचून दाखवायचा. थोरला म्हणायचा, "अत्तर आहे ते. आयुष्यभर मशिनं चालवली, साधं ऑइल वेळेवर बदललं की झालं. हे नखरे तुझ्या काचांना ठीक आहेत." मग चष्मेवाला म्हणायचा, तुमचं ऑइल म्हणजे चिखल. असं हसतखेळत चालायचं, आणि तसंच चालत राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आणखी एक रिवाज होता, तोही इथेच सांगितला पाहिजे. वर्षातून एकदा चष्मेवाला थोरल्याला दुकानात बोलवायचा आणि डोळ्याचा दाब मोजायच्या यंत्रासमोर बसवायचा. थोरल्याच्या आईचे डोळे काचबिंदूनं गेले होते. हा आजार घरात उतरतो, दुखत नाही, कळत नाही, आणि कडेकडेनं नजर खाऊन टाकतो, हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. यंत्रातून डोळ्यावर हवेचा फुसकारा आला की थोरला शिव्या घालायचा. "पुरे कर तुझा चावटपणा," म्हणायचा, आणि नवा चष्मा घेऊन जायचा.

मग तो रविवार आला. चष्मेवाल्यानं आदल्या दिवशी थोरल्याला न सांगता गॅरेजात जाऊन ऑइल बदलून घेतलं. सिंथेटिक, सगळ्यात भारी. टाकी प्रीमियमनं भरली. मनात एवढंच, की चढावर गाडी अशी उडेल की साडूबुवा तोंडात बोट घालतील, आणि मग आपण सांगू. पोरकटपणा, दुसरं काय! पण मुरमाचा मोठा चढ निम्मा झाला आणि गाडी निळा धूर ओकायला लागली. इंजिन खडखडलं, आचके दिले आणि बंद पडलं ते पडलंच.

चष्मेवाल्यानं तिथेच सांगून टाकलं. सांगायला नको होतं असं नाही, पण वेळ चुकली. थोरल्याचं डोकं फिरलं. "तुझ्या अत्तरानं मारलं माझं इंजिन!" चष्मेवाला म्हणाला, "अत्तरानं नाही, तुमच्या इतक्या वर्षांच्या चिखलानं." शब्दाला शब्द लागला. शेवटी थोरला बोलून गेला, "दुसऱ्याच्या डोळ्यांवर काचा चढवण्यापलीकडे तुला काय येतं रे? माझ्या जिवावर हिंडतोस आणि मला शहाणपण शिकवतोस!"

हे मात्र झोंबलं. चष्मेवाल्यानं जन्मात पहिल्यांदा थोरल्याला अरेतुरे केलं. "यापुढे माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस," म्हणाला.

"नाही चढणार," थोरला म्हणाला.

गाडी ओढून आणली आणि चष्मेवाल्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. इंजिन उघडून बघावं, इतकी साधी गोष्ट; पण दोघांनी ती प्रतिष्ठेची केली. आधी त्यानं चूक कबूल करावी, मग उघडू. तोही तेच म्हणे, हाही तेच. बायकांनी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. बहिणी-बहिणी फोनवर बोलायच्या, लग्नाकार्यात भेटायच्या. पण चष्मेवाल्यानं घरात सांगून ठेवलं होतं, त्या घरातलं मला काही ऐकवायचं नाही. एकदा फोन ठेवून बायको म्हणाली, "ताई म्हणत होती, हे हल्ली उंबऱ्यालासुद्धा अडखळतात..." तेवढ्यात चष्मेवाल्यानं हात वर केला. "पुरे." नंतर बायकोनं विषय काढला नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. भांडणात माणसाला काळ कळत नाही, कारण रोज वाटतं, उद्या तो येईल. चष्मेवाल्याला रविवार नकोसा झाला होता. दुकान बंद, करायला काही नाही, आणि मागच्या शेडमध्ये ती गाडी. त्याला थोरल्याची आठवण यायची, इतकी यायची की रस्त्यात त्याच्या कपड्यांना यायचा तसा डिझेलचा वास आला तरी तो मागे वळून बघायचा. साडू परत पाहिजे होता, पण मान खाली न घालता पाहिजे होता. शेवटी त्यानं ठरवलं, इंजिन उघडायचं. चूक कुणाची ते एकदा दिसू दे. आपलं खरं निघालं तर मोठ्या मनानं जाऊ आणि माफ करू. त्यांचं खरं निघालं तर... तो विचार त्यानं पुढे केला नाही.

गॅरेज आता जुन्या मालकाची मुलगी चालवत होती. सगळे तिला गॅरेजवालीच म्हणायचे. ती शेडमध्येच सामान घेऊन आली आणि इंजिन सोडवून मोकळी झाली. चष्मेवाला बाजूला उभा, पेपरात निकाल बघायला आलेल्या पोरासारखा.

"पिस्टन घासलेत. सिलिंडरला ओरखडे," ती म्हणाली.

"ऑइलमुळे ना? साध्या ऑइलमुळे?"

"ऑइलमुळे कशाला?" तिनं एक काळी रबरी नळी काढून त्याच्या पुढ्यात धरली. हवा गाळून इंजिनाकडे जाते ती नळी. वरून धडधाकट. तिनं ती उलटी करून वाकवली तेव्हा खालच्या बाजूला बोटभर चीर उघडली. आत बारीक मुरूम बसला होता. "फिल्टर स्वच्छ आहे, पण त्याच्या पुढेच ही फाटलीय. धूळ थेट आत गेली. तुम्ही आडवाटेनं फिरणार, मग किती माती गेली असेल!"

"मग प्रीमियम पेट्रोल? सिंथेटिक?"

ती हसली. "काका, या जुन्या इंजिनाला पेट्रोल महागाचं काय नि साधं काय, समजतसुद्धा नाही. ऑइल तुमचं चांगलंच, तापल्यावर, चढावर जास्त टिकतं. तुमच्या साडूंचंही वाईट नव्हतं, वेळेवर बदलत होते ना? पण माती खायला घातल्यावर कुठलंही ऑइल काय करणार? ही चीर कुणाला दिसलीही नसती. कुणाचीच चूक नाही यात."

कुणाचीच चूक नाही! चष्मेवाल्याला आधी हायसं वाटलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. चूक असती तर निदान भांडणाला काही अर्थ असता. त्यानं नळी पिशवीत घातली आणि त्याच संध्याकाळी थोरल्याचं घर गाठलं.

ताईंनी दार उघडलं. त्याला बघून त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग आत वळून म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय."

थोरला खिडकीशी खुर्चीत बसला होता. केस सगळे पिकले होते. नाकावर तोच जुना चष्मा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. "कोण?" म्हणत त्यानं मान सरळ समोर धरली. चष्मेवाला दारात होता, जरा डाव्या अंगाला.

"मी आहे, साडूबुवा."

थोरल्याचा चेहरा एकदम उजळला. भांडण-बिंडण काही नाही, नुसता उजळला. "ये, ये. बस. किती वर्षांनी रे आलास, गाढवा!"

चष्मेवाल्यानं खुर्ची शेजारी ओढली, नळी काढली आणि बाजूनं पुढे केली. थोरल्यानं हात पुढे केला नाही. चष्मेवाल्याला वाटलं, राग गेला नाही वाटतं. मग त्यानं ती अगदी समोर धरली तेव्हा थोरल्यानं घेतली, बोटांनी चाचपली, उलटी केली, आणि न बघता अंगठा थेट त्या चिरेवर ठेवला.

"हवेची नळी. फाटलीय की ही! म्हणजे धूळ?"

"धूळ. तुमचं ऑइल नाही, माझंही नाही."

थोरला जो हसत सुटला, तो खोकला येईपर्यंत हसला. "म्हणजे दोघंही गाढव! अरे, काय माणसं आहोत आपण!" चष्मेवालाही हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. त्याला वाटलं, सुटलो. गाडी दुरुस्त होईल, पुढच्या महिन्यात नदीच्या पात्रात जाऊ, आणि ऑइल टाकू म्हणतील ते.

ताईंनी चहा आणला आणि थोरल्याच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला. थोरल्यानं हसत हसत हात हलवला आणि कप खाली गेला. ताई लगेच फडकं घेऊन आल्या. रोजचंच असावं.

चष्मेवाल्याचं हसू तिथेच थांबलं. आयुष्यभर त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं, लोक कसे बघतात तेवढंच बघितलं होतं. त्यानं आपलं बोट थोरल्याच्या कानाजवळ धरलं आणि हळूहळू पुढे आणू लागला. गालाच्या पुढे आलं, डोळ्याच्या कोपऱ्याच्या पुढे आलं. थोरला निवांत समोर बघत होता. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा म्हणाला, "हे काय करतोयस?"

"डोळे कधी दाखवलेत तुम्ही?"

"तूच नव्हते का बघितलेस? ते फुसकं यंत्र."

"त्यानंतर? दुसरीकडे कुठे?"

"दुसरीकडे कशाला?" थोरल्याला हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. "घरचा चष्मेवाला असताना परक्याकडे जाऊ होय? तू म्हणालास, पायरी चढू नकोस. नाही चढलो. म्हटलं, बोलवेल कधीतरी." त्यानं चष्मा काढून पुढे केला. "नंबर वाढला असेल, बघ जरा. कडेचं काही दिसत नाही हल्ली. नवीन काच टाकलीस की होईल."

चष्मेवाल्यानं चष्मा हातात घेतला. सवयीनं खिशातलं फडकं काढून पुसला, पुन्हा पुसला. या नजरेला लागेल अशी काच जगात कुठे मिळत नव्हती. वेळेवर दोन थेंब औषधाचे पडले असते तरी हे सगळं वाचलं असतं. वर्षातून एकदा त्या यंत्रासमोर बसवलं असतं तरी पुरलं असतं. अडखळतात, असं बायको सांगत होती. त्यानं हात वर केला होता.

"नंबर नाही वाढलेला," तो म्हणाला. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जीभ वळेना. "आईंना झालं होतं, तेच आहे. उद्या सकाळी मी तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो. उरलंय तेवढं राखता येईल."

"आणि गेलेलं?"

"गेलेलं नाही येत."

ताई फडकं हातात धरून तशाच बसून राहिल्या. थोरल्यानं मांडीवरच्या नळीची चीर अंगठ्यानं एकदा उघडली, मिटली.

"ऑइलवरून रे," तो शेवटी म्हणाला. रागानं नाही. नवल केल्यासारखा. "ऑइलवरून!"

मग चष्मेवाल्याला रडू आवरेना. चांगला साठी ओलांडलेला माणूस, पोरासारखा हुंदके देत रडला. "चुकलो हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. थोरल्यानं त्याला थोपटायला हात लांब केला. हात खुर्चीच्या पाठीवर गेला, मग रिकाम्या हवेत चाचपडला. चष्मेवाल्यानं ते पाहिलं आणि आपला खांदा त्या हाताखाली नेऊन ठेवला.